पांढरं जाण्यावर सरसकट 'किट' देऊ नका: पुण्यातल्या औषध दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधले औषध दुकानदार, फार्मासिस्ट आणि काउंटरवर उभे राहणारे सर्व मदतनीस

सप्रेम नमस्कार.

दुकानातली गर्दी कमी व्हायची वाट बघत एखादी बाई कडेला उभी असते. पुढचे दोघे-तिघे गेले की ती पुढे येते आणि आवाज खाली आणून म्हणते, "अंगावरून पांढरं जातंय, एखादी गोळी द्या ना." कधी ती येतच नाही, नवरा येतो आणि 'लेडीज प्रॉब्लेम आहे' एवढंच सांगतो. तुमचा हात सवयीने एका खणाकडे जातो, चार गोळ्यांचं पाकीट निघतं, कागदात गुंडाळलं जातं आणि अर्ध्या मिनिटात विषय संपतो. हे पत्र त्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

त्या पाकिटात, म्हणजे 'किट'मध्ये, काय असतं ते तुम्हाला तोंडपाठ आहे. फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी, अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅमची एक, सेक्निडॅझोल 1 ग्रॅमच्या दोन. पहिली बुरशीवर, दुसरी क्लॅमिडियासारख्या लैंगिक संसर्गावर, उरलेल्या दोन ट्रायकोमोनास आणि योनीतल्या जिवाणूंच्या बिघाडावर. कशाने होतंय ते कळलं नाही तरी चारांतली एखादी लागू पडेल, असा हा हिशेब. अडचण अशी की 'पांढरं जाणं' हा एक आजार नाही. त्यात निदान पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तर आजारच नसते.

वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत प्रत्येक बाईच्या योनीतून रोज थोडा स्राव येतो. दिवसाला साधारण 1 ते 4 मिलिलिटर, म्हणजे फार तर एक छोटा चमचा. पाळीच्या साधारण मधल्या दिवसांत, बीज बाहेर पडायच्या सुमारास, तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक आणि तार सुटणारा होतो. पुढे घट्ट आणि दुधाळ होतो. आतल्या कपड्यावर वाळला की फिकट पिवळा दिसतो. गडद रंगाच्या कपड्याचा त्या जागचा रंगही उडतो, कारण हा स्राव आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), 3.8 ते 4.5 असतो. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात. ते तिथल्या पेशींमधल्या साखरेपासून लॅक्टिक ॲसिड बनवतात आणि त्या आंबटपणामुळे नको ते जंतू वाढत नाहीत. आपल्या दह्यातल्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा स्राव वाढतो. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, रक्त नाही, पोटात दुखत नाही, तर त्याला औषध लागत नाही. अशा निरोगी बाईला किट दिलं की अझिथ्रोमायसिन त्या चांगल्या जिवाणूंनाही मारू शकतं आणि पुढे खरोखरची बुरशी धरू शकते. मग ती परत येते, आणि आता तिची तक्रार खरी असते.

'हाडं झिजून पांढरं जातं', 'अंगातली ताकद निघून जाते' हे आपल्याकडे आज्या सांगत आल्या आणि त्याच जोरावर टॉनिकच्या बाटल्या खपतात. त्या स्रावात पाणी, श्लेष्मा, झडलेल्या पेशी आणि जिवाणू असतात, हाडातलं काहीही नसतं. थकवा मात्र खरा असू शकतो आणि त्याचं कारण अनेकदा रक्तात सापडतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. कंबर दुखते, चक्कर येते, पांढरं जातं असं एका दमात सांगणाऱ्या बाईला टॉनिकऐवजी हिमोग्लोबिन तपासायला सांगा.

आता खरे संसर्ग. बुरशीत, म्हणजे कॅन्डिडात, स्राव घट्ट असतो. फाटलेल्या दुधासारखे किंवा पनीरच्या चुऱ्यासारखे कण असतात, वास जवळजवळ नसतो, पण खाज इतकी की झोप लागत नाही. बाहेरची त्वचा लाल होते, त्या त्वचेला लघवीचा स्पर्श झाला की चरचरतं. पीएच नेहमीसारखाच राहतो. उपाय सोपा आहे: फ्लुकोनॅझोल 150 चा एक डोस, नाहीतर क्लोट्रिमॅझोलची 500 मिलिग्रॅमची एक योनीत ठेवायची गोळी, किंवा 100 ची सहा-सात रात्री. सुमारे तीन चतुर्थांश बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. एखादीला वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाला तर मात्र चौथं पाकीट देण्याआधी साखर तपासायला हवी. न कळलेला मधुमेह कित्येकदा असाच कळतो. आणि आधीच मधुमेह असलेली बाई डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असेल तर साखर लघवीतून बाहेर पडते आणि बुरशीला तिथेच खायला मिळतं. या बाईची दोन्ही औषधं तुमच्याच बिलावर असतात, त्यामुळे हा दुवा डॉक्टरांच्या आधी तुमच्या लक्षात येऊ शकतो.

जिवाणूंचा बिघाड, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, अगदी वेगळा. स्राव पातळ, राखाडीसर, सगळीकडे एकसारखा लागलेला. खाज फारशी नाही, पण मासळीसारखा वास, जो संबंधानंतर जास्त येतो. वीर्य अल्कलीधर्मी असल्यामुळे त्या जिवाणूंनी बनवलेले वास मारणारे पदार्थ हवेत सुटतात. इथे पीएच 4.5 च्या वर जातो. फ्लुकोनॅझोलचा याच्यावर काडीचा उपयोग नाही, मेट्रोनिडॅझोल बहुतेक वेळा सात दिवस पुरतं घ्यावं लागतं. ट्रायकोमोनासमध्ये स्राव पिवळट-हिरवा, कधी फेसाळ, घाण वासाचा, आणि खाजही असते. हा लैंगिक संबंधातून पसरणारा परजीवी आहे. नवऱ्याला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, म्हणून तो औषध घेत नाही आणि बाईला पुन्हा लागण होते. दोघांचा उपचार एकाच वेळी व्हावा लागतो आणि तो संपल्यावरही आठवडाभर संबंध टाळावे लागतात. काउंटरवर विकलेल्या एका पाकिटात नवऱ्याची गोळी कुठे असते?

गर्भाशयाच्या मुखाचा संसर्ग या सगळ्यांत फसवा. गनोरिया किंवा क्लॅमिडिया असेल तर मुखातून पिवळसर पूमिश्रित स्राव येतो, संबंधानंतर रक्त जातं, आणि बऱ्याच बायकांना काहीच लक्षण नसतं. तो वर सरकला की गर्भनलिका सुजतात, पुढे मूल न राहण्याचा किंवा गर्भ नळीतच राहण्याचा धोका असतो. गनोरियावर अझिथ्रोमायसिनचा एकटा डोस पुरत नाही. क्लॅमिडियासाठीही आता डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा सात दिवसांचा कोर्स आधी निवडतात, अर्थात गरोदर नसलेल्या बाईसाठी. थोडक्यात, ज्या आजारासाठी अझिथ्रोमायसिन पाकिटात घातलं, त्यालाही ते धड पुरं पडत नाही. लक्षणं मात्र दबतात आणि सूज आत चालू राहते.

लक्षणांवरून औषध द्यायची पद्धत सरकारनेही वापरली आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, रंगांनुसार किट ठरवली तेव्हा योनीच्या संसर्गासाठी हिरवं किट केलं, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल. आणि गर्भाशयाच्या मुखाच्या संसर्गासाठी वेगळं राखाडी किट केलं, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. दोन वेगळी पाकिटं, कारण कुठलं द्यायचं ते प्रश्न विचारून आणि आत तपासून ठरवायचं. बाजारातल्या पाकिटाने या दोन्हींतली तीन औषधं एकत्र केली आणि तपासणी तेवढी गाळली.

आणि त्या पाकिटाचे धोके. गरोदरपणात फ्लुकोनॅझोल तोंडावाटे देत नाहीत, गर्भपाताच्या जोखमीशी त्याचा संबंध दिसला आहे. तिथे क्लोट्रिमॅझोल योनीतून सात रात्री देतात. 'पाळी चुकली आहे का' हा प्रश्न न विचारता पाकीट दिलं तर तुम्हाला हे कळायचा मार्गच नाही. मधुमेहावरची ग्लिमेपिराइड चालू असेल तर फ्लुकोनॅझोलमुळे तिची रक्तातली पातळी वाढून साखर एकदम खाली येऊ शकते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्या बाईला फ्लुकोनॅझोल आणि अझिथ्रोमायसिन एकाच दिवशी देणं धोक्याचं, कारण दोन्ही औषधं ठोक्यांची लय बिघडवू शकतात.

खाजेवर दिली जाणारी ती ट्यूब हा आमच्या दृष्टीने किटपेक्षाही वाईट प्रकार आहे. क्लोबेटासॉल नावाचं जोरदार स्टेरॉइड, सोबत एक बुरशीचं औषध, एक-दोन अँटिबायोटिक. पहिल्या रात्री खाज थांबते म्हणून बाई खूश होते. थांबवलेली असते स्टेरॉइडने. त्या जागची त्वचा आधीच पातळ. महिनाभर लावलं की ती आणखी पातळ होते, चिरते, लाल पडते, आणि स्टेरॉइडने प्रतिकार दाबल्यामुळे बुरशी जांघेपर्यंत पसरते. ट्यूब बंद केली की खाज दुपटीने येते, म्हणून ती पुन्हा ट्यूब मागते. 2018 मध्ये केंद्राने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती याचसाठी.

सुवासिक वॉशचंही तेच. योनी आतून स्वतः साफ होते. आत पाणी, साबण, जंतुनाशक किंवा 'इंटिमेट वॉश' घातला की आंबटपणा जातो, लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि वासाचा त्रास वाढतो. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये एक गोष्ट सांगितलीत तर खूप उपकार होतील. पुण्याच्या पावसात आतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. हॉस्टेलच्या पोरी ते दमटच घालतात, वरून स्कूटरवर रेनकोटची पँट. त्या ओलाव्याने बाहेरच्या त्वचेवर बुरशी फोफावते. सुती कपडा, आणि तो घालण्याआधी इस्त्री फिरवून कोरडा केलेला, हा सल्ला वॉशच्या बाटलीपेक्षा कामाचा आहे.

चिठ्ठी असली तरी तुमचं काम संपत नाही. योनीत ठेवायची गोळी गिळणाऱ्या बायका आहेत, कारण 'रात्री झोपताना एक' एवढंच त्यांना ऐकू आलेलं असतं. पाकीट देताना स्पष्ट शब्दांत सांगा: ही गिळायची नाही, खाली आत ठेवायची. रात्री झोपण्यापूर्वी हात धुवून, पाठीवर पडून, गुडघे दुमडून, बोटाने किंवा सोबतच्या नळीने जाईल तितकी आत सारायची. गरोदर असेल तर नळी वापरायची नाही, बोटानेच. कोरडेपणामुळे गोळी सरकत नसेल तर पाण्याचा एक थेंब लावावा. सकाळी पांढरा चुरा बाहेर आला तर औषध वाया गेलं असं समजू नये, ते गोळीचं उरलेलं पीठ असतं; एक पॅड ठेवावं, टॅम्पॉन नको. पाळी चालू असताना सुरू करू नये. क्लोट्रिमॅझोलमुळे निरोधचं रबर कमजोर होतं, म्हणून तेवढे दिवस निरोधवर विसंबू नये. खाज तिसऱ्या दिवशी थांबली तरी सात रात्रींचा कोर्स सात रात्री करावा. हे सांगायला एक मिनिट लागतं.

आमची मुख्य मागणी अशी आहे की खणाकडे हात जाण्याआधी काही प्रश्न विचारा. वय काय? पाळी चुकली आहे का, किंवा गरोदर आहात का? पोटात, ओटीपोटात दुखतंय का, ताप आहे का? मधेच किंवा संबंधानंतर रक्त जातंय का? याआधी हा त्रास किती वेळा झाला, कोणतं औषध घेतलं? सध्या कसल्या गोळ्या चालू आहेत? नवरा आला असेल तर त्याला या प्रश्नांची उत्तरं बहुधा येणार नाहीत. फोन लावून बाईशी बोला, नाहीतर औषध न देता डॉक्टरांकडे पाठवा.

काही उत्तरांवर औषध अजिबात द्यायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना दाखवायचा. ओटीपोटात दुखणं आणि ताप. बाळंतपण, गर्भपात किंवा तांबी बसवणं झालं आणि काही दिवसांत घाण वासाचा स्राव सुरू झाला. आत कापसाचा बोळा राहून गेल्यानेही असं होतं. गरोदरपणात पाण्यासारखं वाहू लागलं, तर ती गर्भजलाची पिशवी फुटल्याची शक्यता असते. 37 आठवडे झाले असोत वा नसोत, तडक प्रसूतीगृहच. आई पाच-सात वर्षांच्या मुलीसाठी औषध मागत असेल तर आत काहीतरी अडकलेलं असू शकतं, जंत असू शकतात, अत्याचारही झालेला असू शकतो. काउंटरवर खोदून विचारू नका, पण डॉक्टरांकडे नक्की पाठवा.

पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईचं वेगळं सांगायला हवं. कोरडेपणा आणि आग असेल तर ती बहुधा हार्मोन कमी झाल्याने असते आणि किटने बरी होत नाही. पण रक्ताचा एक डाग जरी पडला, किंवा तांबूस, पाण्यासारखा, कुजका वास येणारा स्राव असला, तर गर्भाशयाच्या मुखाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग नाही ना हे बघावंच लागतं. या बाईला एकामागून एक तीन किटं दिली तर तिचे तीन महिने जातात. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी होते. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मुखावर पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला ही तपासणी असते एवढं सांगा.

कुठे पाठवायचं? ससूनमध्ये स्त्रीरोग ओपीडी आहे आणि लैंगिक संसर्गासाठी सुरक्षा क्लिनिक आहे. मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, औंधला जिल्हा रुग्णालय, पिंपरीकडच्यांना तिथल्या महापालिकेचं वायसीएम रुग्णालय. शिवाय तुमच्या भागातला पालिकेचा दवाखाना कुठे आणि ओपीडी किती वाजता, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. जाण्याआधी काय करायचं तेही सांगा: दोन दिवस योनीत कुठलंही औषध ठेवू नका, आदल्या दिवशी संबंध नको, आतून धुवू नका, आधीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

बायका जायला घाबरतात कारण आत काय होतं ते कुणी सांगितलेलं नसतं. स्पेक्युलम नावाच्या साधनाने योनी जरा उघडून बघतात, कापसाच्या काडीने स्राव घेतात, पीएचच्या कागदावर टेकवतात, काचेवर एक थेंब सलाइनमध्ये आणि एक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाच मिनिटांचं काम, सहसा दुखत नाही, दडपल्यासारखं वाटतं. लग्न न झालेल्या, संबंध न आलेल्या मुलीला स्पेक्युलम घालावा लागत नाही, बाहेरून काडीने नमुना घेता येतो. स्त्री डॉक्टर मागता येते, मैत्रिणीला किंवा आईला सोबत उभं करता येतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. पुण्यात गल्लोगल्ली दवाखाने आहेत. तरीही लाज, वेळ आणि फी यांच्यामुळे बाई आधी तुमच्याकडेच येते, कारण तुमचं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि तुम्ही नाव विचारत नाही. तिने कुणाला तरी सांगितलं, तो कुणीतरी तुम्ही आहात.

म्हणून जमेल त्या दुकानात काउंटरची एक बाजू जरा आडोशाची ठेवा, आणि स्त्री कर्मचारी असेल तर या गिऱ्हाइकाशी तिला बोलू द्या. 'काय होतंय ते मोठ्याने सांगा' असं म्हणू नका. मेट्रोनिडॅझोल, अझिथ्रोमायसिन ही शेड्यूल एचची औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत हा कायदा तुम्हाला आम्ही शिकवायची गरज नाही. धंद्याचा तोटा होईल ही शंका आम्हाला समजते. त्याच बाईने चिठ्ठी घेऊन परत यावं असं वागलात, तर ती तुमच्याकडेच येईल.

एक छोटी चिठ्ठी छापून काउंटरवर ठेवता आली तर पाहा. मजकूर असा असू शकतो:

'पांढरं जाणं नेहमीच आजार नसतो. खाज, घाण वास, हिरवा-पिवळा रंग, रक्त, पोटात दुखणं किंवा ताप असेल, तुम्ही गरोदर असाल किंवा पाळी गेलेली असेल, तर गोळी घेण्याआधी तपासून घ्या. जवळचा दवाखाना: ______. वेळ: ______.'

रिकाम्या जागा तुमच्या हाताने भरा, आणि बाईने मागितलेल्या वस्तूच्या कागदातच ती चिठ्ठी गुंडाळून द्या.

आपले,
पुण्यात स्त्री-आरोग्याचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेविका